लाखेचा थेंब

काटेकाकांनी दुकान बंद केलं आणि सात महिन्यांत काकूंचा जीव मेटाकुटीला आला. माणूस घरी बसला तर बसू द्यावा, पण हा बसेल तर ना! चाळीस वर्षं घड्याळं उघडलेला हात. तो आधी मिक्सरवर पडला, मग इस्त्रीवर, मग कपाटाच्या बिजागऱ्यांवर. घरात बिघडलेलं काही उरलं नाही, तेव्हा काकांनी धडधाकट वस्तूंकडे मोर्चा वळवला. शिलाई मशीनचे भाग वर्तमानपत्रावर पसरलेले पाहून काकूंनी कोपरापासून हात जोडले.

"अहो, कुठेही जा. पण माझ्या घरातलं आता काही उघडू नका!"

म्हणून काका संस्थेत आले. संस्था म्हणजे दवाखान्यामागच्या दोन खोल्या. ज्यांना जगणं नकोसं झालंय, ज्यांचं मन पार खचलंय, अशांना आधार द्यायचं काम तिथे चाले. आतल्या खोलीत फोन होता. बाहेरच्या खोलीत होतं एक लांब टेबल, आणि त्यावर दर शनिवारी दुपारी दुरुस्ती चालायची. का, तर समोरासमोर बसून मन मोकळं करा म्हटलं की माणसं दारातूनच मागे फिरतात. तीच माणसं बंद पडलेला रेडिओ घेऊन मात्र बिनधास्त येतात. टेबलाचा नियम एकच होता. वस्तूच्या मालकाने शेजारी बसायचं आणि निघालेले स्क्रू आपल्या तळहातावर धरायचे. हात गुंतले की बोलणं आपोआप सुटतं, असं सिस्टर म्हणायच्या. नर्सची नोकरी संपून पाच वर्षं झाली तरी त्यांना सगळे सिस्टरच म्हणत.

सिस्टरनी काकांना दोन दिवस शिकवलं. ऐकायचं, उपदेश करायचा नाही, आणि शंका आली की सरळ विचारायचं, "मरायचा विचार मनात येतो का?" काका एवढे बोलके, पण हे वाक्य काही त्यांच्या तोंडून निघेना.

"काहीतरीच काय सिस्टर! आपण विचारायचं आणि त्याच्या डोक्यात नसलेलं भरवायचं?"

"विचारल्याने भरत नाही हो काका. असेल तर बोलायला वाट मिळते."

काकांनी मान डोलावली. पटलं मात्र काडीचंही नव्हतं. आपलं काम दुरुस्तीचं, ते बोलणं-बिलणं सिस्टर बघतील, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

पहिल्याच शनिवारी त्यांनी टेबलावरची वही उघडली आणि त्यांचा पारा चढला. एका रंगाऱ्याचं गजराचं घड्याळ. "बंद. चालू करून दिलं." पुढच्या शनिवारी परत, "बंद. चालू करून दिलं." अशी ओळीने सहा वेळा नोंद! काकांच्या आधी टेबल सांभाळणारे रेडिओवाले आता मुलीकडे राहायला गेले होते, म्हणून बचावले.

"सहा वेळा?" काका स्वतःशीच कडाडले. "अरे, घड्याळ आहे की थट्टा?"

तेवढ्यात रंगारी आलाच. पंचेचाळिशीचा, उंच, सडपातळ, नखांच्या कडांना पांढरा रंग. त्याने पिशवीतून घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "बंद पडलंय," एवढंच म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला. सवयीने तळहात पुढे केला, स्क्रू धरायला.

काकांनी मागचं झाकण काढलं, डोळ्याला भिंग लावलं आणि हसलेच. हलत्या चक्राचा आस धरून ठेवणारा बारीक स्क्रू, तो अर्धा फेरा सैल. बस! त्याच्या खाचेत कुणीतरी भलतंच जाड पातं घालून ओरखडे काढले होते आणि पांढरा कसलासा कणही अडकला होता. काकांनी तो कण फुंकरीने उडवला, स्क्रू बेताने आवळला आणि वर लाखेचा एक थेंब सोडला, म्हणजे तो पुन्हा हलायलाच नको. घड्याळ टिकटिकायला लागलं. सगळं मिळून दहा मिनिटं. रंगाऱ्याचा हात नीट टेकलाही नव्हता.

"घ्या!" काकांनी छाती फुगवून घड्याळ पुढे केलं. "आता बापजन्मात बिघडणार नाही. तुमचा हेलपाटा कायमचा वाचला!"

रंगाऱ्याने घड्याळाकडे पाहिलं, मग काकांकडे. "कायमचा?" त्याने विचारलं.

"लिहून देतो!"

"बरं झालं," रंगारी म्हणाला. टेबलावर पडलेले काकांचे दोन पेचकस त्याने एका ओळीत नीट लावले, घड्याळ पिशवीत टाकलं, आणि उठून गेला.

सिस्टर आतल्या खोलीतला फोन आटोपून अर्ध्या तासाने बाहेर आल्या. "रंगारी आले नाहीत अजून?"

"आले, गेले. सहा आठवड्यांचं दुखणं दहा मिनिटांत मिटवलं!" काकांनी सगळी हकिकत रंगवून सांगितली. लाखेच्या थेंबापर्यंत आले आणि सिस्टरचा चेहरा पाहून त्यांचा आवाज उतरत गेला.

"काका, चार महिन्यांपूर्वी मरणाच्या दारातून परत आलेत ते. भावाने दवाखान्यातून थेट इथे आणलं होतं. कामाखेरीज घराबाहेर पडायचे ते फक्त शनिवारी, त्या घड्याळासाठी." सिस्टर बोलता बोलताच फोन लावत होत्या. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

काका खुर्चीत बसले ते बसलेच. आणि मग त्यांच्या डोक्यात तो पांढरा कण आला. खाचेतला. जाड पात्याचे ओरखडे आणि पांढरा रंग! रंगाऱ्याची पट्टी असते ना, भिंत खरवडायची, तिच्या कोपऱ्याचे ते ओरखडे होते. घड्याळ बिघडत नव्हतंच मुळी. दर आठवड्याला तो स्वतःच्या हाताने स्क्रू सैल करत होता. आणि आपण शहाण्याने त्यावर लाख ओतली!

"सिस्टर, चला," काका म्हणाले. "मी पण येतो."

रंगाऱ्याचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. एरवी दर जिन्यावर दम खाणारे काका सिस्टरच्या पुढे होते. दार वाजवलं. आत टिकटिक ऐकू येत होती, त्यांनीच सुरू केलेली. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या आवाजाला शिव्या घातल्या. पुन्हा दार वाजवलं. मग कडी सरकली आणि रंगारी दारात उभा राहिला.

त्याच्या मागे जमिनीवर सगळे ब्रश धुऊन, पुसून, दोरीने बांधून ठेवलेले होते. वर चिठ्ठी होती, कुणा जोडीदार रंगाऱ्याला द्या म्हणून.

"फोन उचलला नाहीत," सिस्टर हलक्या आवाजात म्हणाल्या.

"काम होतं थोडं," रंगारी म्हणाला.

सिस्टर पुढे बोलणार, तोच काकांनी हात वर केला. ही गाठ त्यांनीच मारली होती, तेव्हा सोडवणंही त्यांच्याकडेच होतं.

"स्क्रू तुम्हीच सैल करत होता ना? दर आठवड्याला?"

रंगाऱ्याने मान खाली घातली.

"म्हणजे तुम्हाला यायचं होतं. आणि मी गाढवासारखा म्हणालो, येऊ नका. चुकलो मी. सपशेल चुकलो." काकांनी श्वास घेतला. "आता सरळ विचारतो, रागावू नका. मरायचा विचार येतोय का मनात?"

जिन्यावर कुणाच्या तरी चपला वाजत खाली गेल्या.

"हो," रंगारी म्हणाला. आणि एवढा उंच माणूस उंबऱ्यातच खाली बसला. काकांचे गुडघे कुरकुरले, पण तेही त्याच्या शेजारी टेकले.

पुढचं सिस्टरना पाठ होतं. त्यांनी त्याला एकटं सोडलं नाही. भावाला बोलावून घेतलं, डॉक्टरांना फोन केला. भावाने आठवडाभर राहायचं, उद्या सकाळी डॉक्टरांकडे जायचं, असं सगळं रंगाऱ्याला विचारून ठरवलं. भाऊ पोचेपर्यंत काकांनी काय केलं? खिशातला छोटा पेचकस काढून घड्याळ उघडलं. रंगाऱ्याच्याच स्पिरिटचा बोळा घेऊन लाखेचा तो थेंब विरघळवायला बसले. पाच मिनिटांचं काम होतं. काकांनी चांगला दीड तास लावला. रंगारी शेजारी बसला होता, तळहातावर स्क्रू धरून. मग बोलायला लागला, तर थांबेचना. काकांनी मध्ये एकही शब्द घातला नाही. काकूंना हे सांगून खरं वाटलं नसतं.

"आता हवं तेव्हा सैल करा," निघताना काका म्हणाले. "पण माझा छोटा पेचकस घेऊन जा. ती पट्टी घालू नका बुवा, बघवत नाही मला."

रंगारी हसला. अगदी थोडं, पण हसला. सिस्टरनी पाहिलं.

पुढच्या शनिवारी काका तासभर आधीच टेबलावर येऊन बसले. आलेल्या पंख्याकडे त्यांचं लक्ष लागेना. दर दोन मिनिटांनी दाराकडे मान. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "काका, पाती उलटी बसवताय."

आणि रंगारी आला. पाठोपाठ भाऊही, तो बाहेरच बाकावर बसला. रंगाऱ्याने पिशवीतून घड्याळ काढून ठेवलं. काकांनी झटकन भिंग लावलं, घड्याळ कानाशी नेलं आणि भिंग परत काढलं.

"हे तर चालतंय!"

"हो," रंगारी ओशाळून म्हणाला. "सैल करायला घेतलं होतं. मग म्हटलं, राहू दे. असाच जातो."

काकांनी पंखा बाजूला सारला, शेजारची खुर्ची ओढली, पुसायची गरज नसताना हाताने पुसली. आत सिस्टर चहा ओतत होत्या.

"काका, वहीत काय लिहू?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"लिहा, घड्याळ चालू," काका म्हणाले. "तरी आला."