बिनडब्याचं झाकण

मित्रांनो, मी एक जुनं झाकण आहे. कशाचं झाकण, असं लगेच विचारू नका. झाकणाला भेटणारा प्रत्येक जण पहिल्यांदा तेच विचारतो, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे बरीच वर्षं नव्हतं. माझा डबा केव्हाच गंजून गेला. उरलो तो मी. गोल, पत्र्याचा, बोटभर उंच काठाचा. माझ्या पाठीवर एका शिडाच्या बोटीचं चित्र आहे. शिडाचा रंग उडालाय, पण बोट आहे हे अजून ओळखू येतं.

कारखान्यात यंत्राच्या एका दणक्यात माझा जन्म झाला. डबा शेजारच्या यंत्रातून आला. एका बाईने आमची जोडी लावली आणि आत बिस्किटं भरली. दुकानाच्या काचेमागे आम्ही बसलेलो असताना रस्त्यावरची मुलं बोटीकडे बघत थांबायची. तेव्हा मी चांगलाच भाव खायचो. डब्याकडे कोण बघणार? चित्र माझ्यावर होतं.

आम्हाला घरी आणलं काकांनी, त्यांच्या लहान लेकीसाठी. बिस्किटं बघता बघता संपली आणि काकूंनी डब्यात बटणं भरली. काकू कपड्यांच्या कारखान्यात होत्या. शर्टाचं बटण ज्यातून जातं ते काज हाताने शिवायचं, हे त्यांचं काम. त्यांचा हात असा स्थिर होता की नव्या मुली आल्या की सुपरवायझर त्यांना आधी काकूंच्या टेबलापाशी उभं करायचा. "काही विचारू नका, नुसतं बघा," असं सांगायचा. काकू हे घरी येऊन सांगायच्या आणि काका न चुकता म्हणायचे, "मग माझ्या शर्टाचं बटण कधी लावणार?"

पुढे डब्याचा तळ गंजला. काका म्हणाले, "दोन्ही टाकून दे."

"झाकण राहू दे. कामाला येईल," काकू म्हणाल्या.

मी कामाला आलो तो कुंडीखाली. वर्षानुवर्षं कुंडीतून गळणारं चिखलाचं पाणी धरून बसलो. बोट खाली, तोंड वर. लेक मोठी झाली, दुसऱ्या शहरात नोकरीला लागली, तिकडेच तिचा संसार झाला. काकू निवृत्त झाल्या. मग एका सकाळी चहा घेता घेता काका गेले. त्यानंतर कुंडीला कुणी पाणी घातलं नाही. झाड वाळलं आणि मी कोरडा पडलो.

घर इतकं गप्प झालं की बाल्कनीत मला आतल्या घड्याळाचा आवाज यायचा. लेकीचा रोज फोन यायचा. "आई, कशी आहेस?" "मजेत." "जेवलीस?" "हो." मग दोघींना पुढे काय बोलावं ते सुचायचं नाही. लेकीला आईची काळजी होती, हे मी तिच्या बाजूने सांगतो. पण काळजी फोनवरून पोचवायची कशी, हे तिला कळत नव्हतं.

एके दिवशी तिने कुरिअरने मण्यांची पाकिटं आणि बारीक सुया पाठवल्या. फोनवर म्हणाली, "आई, मणी ओवणाऱ्या लोकांचं एक मंडळ आहे मोबाइलवर. दर गुरुवारी संध्याकाळी सगळे आपापल्या घरी बसून एकत्र ओवतात. तुला मी त्यात घातलंय. आवडलं नाही तर सोड."

काकूंनी पहिलं पाकीट फोडलं आणि मणी घरभर झाले. गुडघे धरून, कपाटाखाली हात घालून त्यांनी ते वेचले. मग काठ असलेलं काहीतरी हवं म्हणून त्या घरभर शोधत बाल्कनीत आल्या. कुंडी उचलली. मला घासून घासून असं काही धुतलं की माझं पोट पुन्हा चकाकलं. त्यात मणी ओतले तेव्हा झालेला आवाज मी विसरणार नाही. त्या घरात बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाजलं होतं.

या मंडळाचा नियम मोठा गमतीचा होता. कॅमेरा चेहऱ्यावर धरायचा नाही, हातांवर धरायचा. मंडळ सुरू करणाऱ्या बाई शाळेत शिक्षिका होत्या. त्यांचं म्हणणं, "चेहरा दाखवायचा म्हटलं की केस विंचरा, मागचा पसारा आवरा. हातांना काही आवरावं लागत नाही." म्हणून काकू दोन उभ्या डब्यांवर लाकडी पट्टी ठेवायच्या आणि पट्टीवर मोबाइल, कॅमेरा खाली माझ्याकडे. लोकांना दिसायचे काकूंचे हात आणि मी. मला मात्र मोबाइलची पाठच दिसायची. त्या मंडळातलं कुणी कसं दिसतं हे मला आजही माहीत नाही. मी त्यांना आवाजांनीच ओळखतो.

तिथे नावंही हातांवरून पडायची. शिक्षिकेच्या बोटाला कायम शाई, म्हणून ती शाईबोट. दर गुरुवारी नखांना नवा रंग लावून येणारी, सतत बडबडणारी मुलगी नखरंगी. एक सुतार होते, हातोडी बसून त्यांच्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं. त्यांना सगळे अंगठेबहाद्दर म्हणायचे, आणि ते म्हणायचे, "म्हणा, म्हणा. सही करता येते मला." काकूंचे न थरथरणारे, न घाई करणारे हात बघून नखरंगीने पहिल्याच दिवशी त्यांचं नाव ठेवलं निवांतकाकू. काकूंना ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी भांडी घासताना त्या एकट्याच ते पुटपुटत होत्या.

शाईबोटने एकदा सुचवलं, "काकू, झाकणात कापड अंथरा. मणी घरंगळणार नाहीत."

"असू दे. मला आवाज आवडतो," काकू म्हणाल्या. "घरात तेवढाच आवाज आहे."

मग अंगठेबहाद्दरांनी करवतीचा कुठलासा किस्सा काढला आणि सगळे हसले. काका गेल्यानंतर काकू पहिल्यांदा मोठ्याने हसल्या त्या याच संध्याकाळी. पुढे नखरंगीचं लग्न मोडलं तेव्हा ती याच मंडळात रडली. काकू तिला काही समजावत बसल्या नाहीत. "तू रड, मी ओवते आहे, मी इथेच आहे," एवढंच म्हणाल्या. त्या काळात मला वाटायचं, डबा गेला तेच बरं झालं.

लेकीसाठी काकूंनी एक माळ करायला घेतली होती. राखाडी मणी आणि मधूनच एखादा लाल. तीच ओवत असताना एका गुरुवारी सुई मण्यात जाईना. काकूंनी आधी सुईला नावं ठेवली, मग चष्म्याला, मग दिव्याला. सुई मण्यांवरून पुन्हा पुन्हा घसरली. मग त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि त्या नुसत्या बसून राहिल्या. मला सगळं कळलं होतं. हात माझ्या काठावर टेकला की माझ्यातले मणी आपोआप वाजत होते.

डॉक्टरांनी सांगितलं की ही थरथर गोळ्यांनी थोडी दबेल, पण जाणार नाही, वाढत जाईल. काकूंनी लेकीला सांगितलं, "मजेत आहे."

त्यांना भीती एकच होती. हात कापताना दिसले तर निवांतकाकू हे नाव जाईल, आणि नाव गेलं की त्या मंडळातली जागा जाईल. माणसं वाईट म्हणून नव्हे. ती हळहळतील, विचारपूस करतील, जपून बोलतील, आणि मग पहिल्यासारखं काहीच राहणार नाही. काकूंना कीव नको होती. म्हणून त्यांनी कॅमेरा बंद केला आणि सांगितलं, "बिघडलाय वाटतं."

पण आवाजाचं काय? मी पडलो पत्रा. काकूंचा हात थरथरला की मी वाजणारच. झाकण असूनही मला ते झाकता येत नव्हतं.

नखरंगीने न राहवून विचारलंच. "काकू, तुमच्याकडे पाऊस पडतोय का? पत्र्यावर पडल्यासारखं ऐकू येतंय."

"हो ग. पडतोय जरा."

बाहेर लख्ख ऊन होतं.

पुढच्या गुरुवारी काकूंनी माझ्यात जुन्या टॉवेलचा जाड तुकडा अंथरला. मी मुका झालो. काकूही हळूहळू मुक्या झाल्या. कुणी हाक मारली तर "हं" म्हणायच्या. मग काही गुरुवारी तर त्या बसल्याच नाहीत. मोबाइल वाजून वाजून थांबायचा आणि त्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या असायच्या. मित्रांनो, टॉवेलखाली मला किती वाईट वाटलं ते काय सांगू. कुंडीखाली असताना मी गप्प होतो, पण तेव्हा मला बोलता येतं हेच माहीत नव्हतं.

शेवटी काकूंनी मनाशी ठरवलं. सकाळपासून काम करता करता त्या एकच वाक्य घोकत होत्या. "माझे डोळे आता साथ देत नाहीत, तेव्हा मी थांबते." संध्याकाळी पट्टी मांडली, कॅमेरा बंदच ठेवला आणि मोबाइल लावला.

"मला जरा सांगायचं होतं," त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

मोबाइलमधून आवाज येत होता. खळखळ, खळखळ. एका ठिकाणाहून नव्हे, सगळीकडून. माझ्यावर टॉवेल होता तरी मी तो लगेच ओळखला. पत्र्याचा आवाज पत्र्याला कळणार नाही तर कुणाला? सगळ्यांनी मण्यांखालची मऊ कापडं बाजूला ठेवली होती आणि मणी पत्र्याच्या झाकणांत ओतले होते. कुणाचं रंगाच्या डब्याचं, कुणाचं पावडरच्या डबीचं, हे मला पुढे त्यांच्या बोलण्यातून कळलं. ओवता ओवता एका हाताने ते ती झाकणं हलवत होते.

"काय सांगत होतात, निवांतकाकू?" शाईबोटने नेहमीच्या आवाजात विचारलं. "जरा मोठ्याने बोला. आमच्याकडेही पाऊस आहे आज."

"इकडे तर सकाळपासून लागलाय," अंगठेबहाद्दर म्हणाले.

नखरंगी काहीच बोलली नाही. ती गप्प बसली यावरूनच काय ते समजा.

काकूंनी घोकलेलं वाक्य म्हटलं नाही. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी टॉवेलवर पडलं. मग त्यांनी माझ्यातला टॉवेल ओढून काढला, मणी परत माझ्यात ओतले आणि कॅमेरा सुरू केला. हात कापत होते, मी वाजत होतो. पलीकडून कुणी "अरेरे" म्हटलं नाही. शाईबोट फक्त म्हणाली, "राखाडीत तो लाल छान दिसतोय हो."

त्यानंतर काकूंचा एकही गुरुवार चुकला नाही. सुई धरता येईनाशी झाली तेव्हा त्या रंग सांगायच्या आणि दुसरी कुणी आपल्या घरी ओवायची. "आता दोन निळे घे. नको, थांब, एकच." लेकीची माळ मात्र त्यांनी कुणाला करू दिली नाही. अंगठेबहाद्दर म्हणाले, "पाठवा माझ्याकडे, संपवून देतो." काकू म्हणाल्या, "नको भाऊ. ही होईल तेवढी होईल." ती अर्धीच राहिली.

कारण एका दुपारी काकू न्हाणीघरात घसरून पडल्या. शेजाऱ्यांनी त्यांना हॉस्पिटलात नेलं. मी टेबलावर होतो, अर्ध्या माळेसकट. गुरुवार आला, पण मोबाइलही काकूंबरोबर गेला होता. कुलूप उघडलं ते बऱ्याच दिवसांनी, आणि आत आली ती एकटी लेक. तिच्या हातात काकूंचा चष्मा होता. तो बघूनच मला समजलं.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी काकूंचा मोबाइल वाजला. लेकीने तो उचलला आणि मांडलेल्या पट्टीवर ठेवला.

"मी त्यांची मुलगी," ती म्हणाली. "आई गेली."

मग शाईबोटने विचारलं, "बाळ, तू एकटीच आहेस का तिथे?"

या प्रश्नाने लेकीचा बांध फुटला. "मला रोज म्हणायची, मजेत आहे. तिचे हात कापतात हे मला हॉस्पिटलात कळलं. तुम्हाला सांगितलं असेल, मला नाही सांगितलं तिने. माझं काय चुकलं?"

"आम्हालाही नाही सांगितलं ग," शाईबोट म्हणाली. "आम्हाला नुसतं ऐकू आलं." आणि तिने पावसाची सगळी हकीकत सांगितली.

लेकीने ती शेवटपर्यंत ऐकली. "तुम्ही तिचा चेहरा कधी पाहिला नाहीत ना? फोटो दाखवू?"

"पुढच्या गुरुवारी दाखव," नखरंगी रडत म्हणाली. "आज हातच राहू देत."

लेकीने माझ्यातली माळ उचलली. तिचे हात अगदी काकूंचे होते, पूर्वीच्या काकूंचे. तिने सुई घेतली, एक राखाडी मणी ओवला, दुसरा ओवला. तिचा हात माझ्या काठावर टेकलेला होता आणि मी अजिबात वाजत नव्हतो. सगळे तिकडे कान देऊन होते.

"थांबला वाटतं पाऊस," अंगठेबहाद्दर हळूच म्हणाले.

तेव्हा लेकीने टेबलावर डोकं टेकलं. ती हुंदके देऊ लागली, टेबल हललं आणि मी वाजू लागलो. क्षणभराने मोबाइलमधून एक झाकण वाजलं. मग दुसरं. मग सगळी.

आता मी लेकीच्या घरी असतो. गुरुवारी ती मंडळात बसते. माझ्यात कापड घालत नाही. घरी येणारे विचारतात, "हे कशाचं झाकण?" ती म्हणते, "आईचं." इतक्या वर्षांनी मला उत्तर मिळालं, पण ते ऐकायला काकू नाहीत.

मित्रांनो, मला नीट ठेवा, गंजू देऊ नका, असं मी मागणार नाही. पत्रा आहे, कधीतरी गंजणारच. मागणं दुसरंच आहे. तुमच्या घरातलं कुणी एकटं माणूस फोनवर म्हणालं की इकडे पाऊस पडतोय, तर एकदा जाऊन बघा. आणि बाहेर लख्ख ऊन असलं, तर काही विचारू नका. शेजारी बसा.