डब्यातून आलेली बॅटरी

गरम पाण्याची रबरी पिशवी फोनच्या पाठीवर ठेवून रेणुकादास भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होता. सव्वातीन. मागचे झाकण डिंकाने चिकटवलेले. ऊब लागल्यावाचून ते सुटणार नव्हते. विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक म्हणून त्याने वीस वर्षे मुलांनी जाळलेले मीटर दुरुस्त केले होते.

त्याची बायको मालविका शेजारी टॉर्च धरून बसली होती. सोमवारी दुकानात देऊ, असे त्याने सकाळपासून दोनदा सुचवले होते. तिने ऐकले नव्हते.

"जगाचं दुरुस्त करता, अन् घरचा फोन दुकानात?" ती म्हणाली. "चारच्या आत बसवा. चौथा रविवार हाय हा."

त्यांची मुलगी मृण्मयी जूनपासून लातूरला होती. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी शिकवणी, आणि शिकवणीच्याच गल्लीत वसतिगृह. मुलींजवळ फोन ठेवू देत नसत. रविवारी चारला कार्यालयातल्या फोनवरून दहा मिनिटे, तीही वडिलांच्या नोंदवलेल्या एकाच क्रमांकावर. गेल्या तीन रविवारी ते बोलणे झाले नव्हते. तिन्ही वेळा रेणुकादासने मालविकेला एकच सांगितले होते: बॅटरी उतरली.

दर शनिवारी लाडू-चिवड्याचा डबा लातूरच्या एसटीने वाहकाच्या हाती जाई आणि आधीचा परत येई. रिकामा डबा माघारी धाडू नये, ही घरची रीत. मृण्मयी कधी चिमूटभर साखर घाली, कधी लिमलेटची गोळी. बाबांच्या फोनची बॅटरी उतरते, हे मालविकेने गेल्या डब्यातल्या चिठ्ठीत लेकीला कळवले होते. काल परत आलेल्या डब्यात कापसात गुंडाळलेली नवी बॅटरी निघाली, आणि वहीच्या कागदाची चिठ्ठी: "बाबा, दुकानात तुमच्या फोनचं मॉडेल सांगून घेतली. रविवारी चारला करते."

चिठ्ठी वाचून मालविकेचे डोळे भरले. रेणुकादास तोंड धुवायला मोरीत गेला, तो बराच वेळ बाहेर आला नाही.

झाकण सुटले. त्याने बारीक स्क्रू काढून पांढऱ्या कागदावर जिथले तिथे मांडले. आधी बॅटरीचा जोड उचलून वीज तोडली. मग जुन्या ओळखपत्राचे प्लास्टिक खाली सरकवत, कुठेही टोचणार नाही अशा बेताने, बॅटरी सोडवली. ती किंचित फुगली होती. संध्याकाळपर्यंत तिचा जीव खरेच जाई. पण दुपारी चारला ती कधीच गेली नव्हती. ती थकलेली होती, खोटी नव्हती.

या तीन रविवारांच्या आधीच्या रविवारी, फोनवर, मृण्मयी रडली होती. मला घेऊन जा, म्हणाली होती. आणि रेणुकादासच्या तोंडून, कुणी आतून ढकलावे तसे, शब्द निघाले होते, "चार दिवस कळ काढ, मग बघू."

हेच शब्द त्याने सव्वीस वर्षांपूर्वी एका पोस्टकार्डावर लिहिले होते. धाकटी बहीण सिंधु औसा तालुक्यात दिलेली. सासरी जाच होता. दादा, गौरीला न्यायला ये, असे तिने कळवले होते. तो तेव्हा तेवीस वर्षांचा आणि गणेश मंडळाचा सचिव होता. विसर्जन झाले की येतो, चार दिवस कळ काढ. गोदावरीत गणपती बुडवून तो घरी आला, निजला, आणि पहाटे भूकंपाने फडताळातली भांडी थरथरली. सिंधुच्या गावात तेवढ्या वेळात एकही भिंत उभी राहिली नाही; सिंधु त्याखालीच गेली.

लेकीशी बोलताना ते शब्द स्वतःच्या तोंडून ऐकले आणि त्याला फोनचीच धास्ती बसली. पुढच्या रविवारी चारला तो फोन घेऊन अंगणात गेला. दोनदा वाजू दिला, आणि बटण दाबून धरून बंदच केला. नंतरचे दोन्ही रविवार तसेच.

नवा जोड जागेवर बसवताना त्याचा चिमटा थांबला. नखाएवढा जोड. जरा जोर वाकडा पडला असता, तर तीन रविवारांचे खोटे आपसूक खरे झाले असते. मालविकेने टॉर्च जवळ आणला. त्याने जोड सरळ दाबला. बारीकसा टक् आवाज झाला.

चारला पाच मिनिटे कमी असताना पडदा उजळला. चार वाजता फोन वाजला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा वाजताना रेणुकादासने तो उचलला.

"बसली का बाबा, बॅटरी?"

"बसली." मग मालविकेकडे न पाहता तो म्हणाला, "मृणू, जुनीबी चालत होती. मीच बंद करून राहिलो होतो."

टॉर्च धरलेला मालविकेचा हात हळूहळू खाली आला.

"माहीत हाय," पलीकडून मृण्मयी म्हणाली. "दोनदा वाजून बंद पडायचा. उतरलेला फोन वाजत न्हाई बाबा."

"मग ही कशाला पाठवलीस?"

"तुम्हाला उचलायला काहीतरी निमित्त लागलं असतं."

तो उठला. "आत्ता निघतो मी. पाचची गाडी हाय. तुला घरी आणतो."

"आता नको. मंगळवारी टेस्ट हाय." तिच्या आवाजात ना रुसवा होता ना रडू, परक्या माणसाला पत्ता सांगावा तसा तो नीट होता. "बाबा, केस कापले मी. वाळायला लई वेळ जातो, सकाळचा तास बुडतो. मागल्या रविवारी तुम्हाला विचारायचं होतं, कापू का म्हणून. मग कापलेच. आईला तुम्हीच सांगा. मागं रांग हाय, ठेवते."

दहांतली जेमतेम दोन मिनिटे झाली होती.

मालविका त्याच्याकडे पाहत होती. तीन रविवारांचा जाब तिच्या ओठांशी येऊन थांबला होता. आधी तिने एवढेच विचारले, "काय म्हणाली?"

"केस कापले तिनं."

"किती?"

त्याने ते विचारलेच नव्हते. "ठाऊक न्हाई," तो म्हणाला.

मालविकेने समोर हवेत हात धरला. पाटावर बसलेल्या मुलीच्या खांद्याच्या उंचीवर. मग जरा खाली, कमरेशी. मग पुन्हा वर. तो हात कुठे थांबवावा हे तिला कळेना. रेणुकादास त्या हाताकडे पाहत राहिला. या वेळी त्याने मान वळवली नाही.