तिरक्या टाइपातला एक शब्द

मी इटालिक टाइप बोलतोय. पवनीच्या बाजारगल्लीत डोमाभाऊंचा छापखाना आहे. तिथल्या खालच्या खणात माझे खिळे असायचे. खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, आरशात दिसावीत तशी उलटी.

इंग्रजीचं सरळ अक्षर ढकलून कलतं केलं की मी तयार होतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. पाचशे वर्षांपूर्वी इटलीत, भरभर लिहिणाऱ्या हाताचं वळण पाहून माझी घडण झाली. म्हणून माझा लहान ‘ए’ सरळ टाइपातल्यासारखा दुमजली नाही, एकाच वेटोळ्याचा आहे. ‘एफ’ ओळीखाली पाय सोडतो आणि डोकं शेजाऱ्याच्या अंगावर टेकवतो. मशीनमध्ये पहिली मान मोडते ती त्याचीच. माझ्या रेघांच्या टोकांना बारीक नखं आहेत, लेखणी टेकवून उचलावी तशी.

पानभर मजकूर माझ्या वाट्याला क्वचित येतो. एखादं पुस्तकाचं नाव, एखादा परका शब्द, जोर द्यायची जागा, एवढंच. डोमाभाऊंकडे तर मी फक्त इंग्रजी लग्नपत्रिकांत लागायचो. नवरा-नवरीच्या नावांमधला ‘वेड्स’ माझा. आणि वारलेल्या माणसाच्या नावाआधीचा ‘लेट’, तोही माझाच. हे दोन शब्द नेहमीचे, म्हणून डोमाभाऊ ते जुळवून, दोरीनं बांधून तयार ठेवत.

“डोमाभाऊ, हे अक्षरं पिऊन आले काय? सारे एकाच अंगाले कलून राह्यले!” गिऱ्हाइकं म्हणत.

“पेणारा एवढ्या शिस्तीत कलते काय?” डोमाभाऊ म्हणत, आणि मला बरं वाटे.

दोन वर्षांपूर्वी, धान घरात आल्यावर, शकुबाई आणि तिचा मोठा भाऊ वासुदेवराव छापखान्यात आले. शकुबाईच्या रुचिकाचं लग्न भिलाईच्या भुपेंद्रशी ठरलं होतं. तिकडच्या मंडळींसाठी पत्रिका इंग्रजीत हवी होती.

रुचिकाचे वडील तेजराम काही वर्षांपूर्वी गावच्या टोळीबरोबर तेलंगणात मिरची तोडायला गेले होते. टोळी परत आली, ते आले नाहीत. फोन लागेना. शकुबाई मात्र रोज ठसठशीत कुंकू लावत होती. त्या दिवशीही लावलेलं होतं.

“बापाच्या नावाआधी लेट टाका,” वासुदेवराव म्हणाले.

“लेट म्हंजे काय जी?” शकुबाईनं विचारलं.

डोमाभाऊंनी चष्मा काढून पुसला. “वारलेला,” ते म्हणाले.

“काहून दादा? त्याइले मरताना पाह्यलं कोणं?”

“भिलाईवाल्याइले तसंच सांगतलं मी. बाप घर सोडून पळाला, असं सांगू काय? उभं तरी केलं असतं काय त्याइनं?”

“मंग मले काहून नाही विचारलं?”

“तू हो म्हटली असती काय, शकू?”

माझे चार खिळे डोमाभाऊंच्या तळहातावर होते. मला कळत होतं, मला कुठं बसवणार आहेत ते. पण अक्षराला स्वतःहून जागचं हलता येत नाही. हात बसवेल तिथं ते बसतं, आणि लोक ते खरं मानतात.

“टाका जी,” शकुबाई शेवटी म्हणाली. “पोरीचं मोडायले नको.”

वासुदेवराव चहा सांगायला बाहेर गेले. तेव्हा ती पुढं आली. “डोमाभाऊ, एक पत्रिका मले त्या शब्दाबिगर काढून देता काय? एकच.”

सगळ्या पत्रिका छापून झाल्या. प्रत्येकीवर मी शाई लावून उमटलो, तेजरामच्या नावाआधी. मग डोमाभाऊंनी चौकट सैल केली, चिमट्यानं माझी चार अक्षरं उचलून बाजूला ठेवली आणि त्या जागी कोरे ठोकळे बसवले. ते उंचीला कमी असतात, शाई त्यांना लागत नाही. पायानं चालवायचा छपाईचा ट्रेडल एकदाच फिरला.

लग्नानंतर शकुबाई बुंदीचे लाडू घेऊन आली. “लगन मस्त झालं,” म्हणाली. तिचं कपाळ कोरं होतं. डोमाभाऊंनी लाडू घेतला. एवढंच म्हणाले, “ते पत्रिका?”

“पेटीत हाये. लुगड्याखाली.”

आता डोमाभाऊंना बारीक अक्षर दिसत नाही. ट्रेडल भंगारात गेला. माझे सगळे खिळे, ‘वेड्स’ आणि ‘लेट’सुद्धा, दाराशी तेलाच्या डब्यात भरून ठेवलेत. वैनगंगेवर मासे धरणारा एक जण ते नेणार आहे. मला वितळवून तो जाळ्याला लावायच्या गोळ्या करील. मी नदीच्या तळाशी जाईन आणि तिथं कुणाला वाचता येणार नाही. माझं मत कुणी विचारलेलं नाही. तेव्हाही विचारलं नव्हतं.

पण वितळण्याआधी एक मागणं आहे. तेजरामजी, तुम्ही कुठं असाल आणि कधी पवनीच्या बसस्टँडवर उतरलात, तर कुणाच्या घरातली ती पत्रिका हाती आली तरी वाचत बसू नका. सरळ घरी जा. पेटीतली मागा. तुमच्या नावाआधी तिथं थोडी कोरी जागा दिसेल. ती शकुबाईनं तुमच्यासाठी ठेवली आहे. तिथं मी नाही.