डाव्या हाताचा दाब

माझ्या पात्यातून निघणारे सालपट बरोबर असेल, तर ते डोळ्यासमोर धरल्यावर पलीकडचा उजेड दिसतो. दाब जरा चुकला, की सालपट मध्येच तुटते आणि लाकडाला खाच पडते. मित्रांनो, मी एका सुताराचा जुना रंधा आहे.

त्यानेच मला एका कठीण ठोकळ्यातून घडवले. कामावर त्याचा उजवा हात मला ढकलायचा आणि डावा पंजा पुढून दाबून धरायचा. ढकलणे कोणालाही जमते. खरी कारागिरी त्या दाबात. आम्ही दारे केली, पाळणे केले, शाळेची बाके केली. गिऱ्हाईक फळीवरून हात फिरवून विचारायचे, "मिस्त्री, लाकूड आहे की काच?"

"काचच समजा," तो म्हणायचा, "फक्त फोडून बघू नका!"

एका संध्याकाळी तो सायकलवरून घरी निघाला होता. मी मागे पिशवीत होतो. वळणावर टेम्पोने धडक दिली. मी गटाराच्या कडेला जाऊन पडलो, मला ओरखडाही आला नाही. त्याच्या डाव्या मनगटाचा मात्र चुरा झाला. हाडे सांधली, पण बोटांतला जोर परत आला नाही.

मग मी फळीवर धूळ खात पडलो. घराचा गाडा त्याची बायको शिलाईवर ओढू लागली. टेम्पोच्या विमा कंपनीकडून भरपाई मिळावी म्हणून न्यायालयात दावा दाखल झाला. त्यासाठी झालेल्या डॉक्टरांच्या तपासणीला मी नव्हतो, पण घरी आल्यावर बायकोने जी तोफ डागली, तीवरून सगळे कळले.

"डॉक्टर म्हणाले मूठ आवळा, तर तुम्ही दातओठ खाऊन आवळलीत! वर म्हणालात, अजून खिळा वाकवीन!"

"मग काय परक्या माणसासमोर रडून दाखवू?"

"रडू नका हो. दुखतं एवढं तरी सांगायचं! आता लिहिलंय त्यांनी, दोष किरकोळ."

'जमत नाही' हा शब्द सुताराने तोंडातून काढायचा नाही, असे उस्तादाने त्याला लहानपणीच शिकवले होते.

न्यायालयात कंपनीच्या वकिलांनी तेच धरून ठेवले. "उजवा हात ठणठणीत आहे. काम थोडं कमी होईल, इतकंच." असे ठरले असते, तर हाती चणेफुटाणे आले असते आणि सगळा संसार त्या शिलाईवरच राहिला असता.

तेव्हा न्यायाधीशबाई म्हणाल्या, "मला काम करून दाखवा." आवारात एका बाकाला फळी आवळली गेली. बायकोने मला पिशवीतून काढून दिले आणि हळूच म्हणाली, "अहो, आज शूरपणा नको. आहे तसं दिसू द्या."

पहिल्या खेपेला त्याने छातीचा भार टाकून मला रेटले. मला वाटले, हा पुन्हा लपवणार! पण मग त्याने भार काढून घेतला. माझे तोंड उसळले, पाते अडखळले, फळी ओरबाडली गेली. त्याने मला खाली ठेवले.

"जमत नाही, बाई," तो म्हणाला. "हात दाबच देत नाही."

मित्रांनो, हत्याराची धार गेली तर ती लावता येते. पण ती गेली आहे, हे कोणीतरी सांगावे लागते. दुखत असेल तर दुखते म्हणा. त्यात कमीपणा नाही.

वकील म्हणाले, सोंग आहे. म्हणून पुन्हा तपासणी झाली. या वेळी डॉक्टरांनी यंत्र लावून हाताच्या नसाच तपासल्या. नसांना ना शूरपणा येतो, ना सोंग.

तरी तारखांवर तारखा पडत राहिल्या. अखेर एका सकाळी न्यायालयात मी त्याच्या बायकोच्या मांडीवरच्या पिशवीत होतो. तिच्या बोटांनी पिशवीचे बंद घट्ट पिळले होते. न्यायाधीशबाईंनी चष्मा सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात सांगितले, "एक हात अधू झाला आहे, पण या माणसाचं काम दोन हातांचं आहे. त्याची सुतारकी पूर्ण गेली, असं हे न्यायालय मानतं. भरपाईही पूर्णच द्यायची."