फिल्टरवरचा पिवळा ठिपका

जगनच्या फियाटचा चोक दर रविवारी बिघडायचा. शनिवार दुपारपर्यंत मात्र तो ठणठणीत असायचा.

खोपटच्या एसटी डेपोत एकतीस वर्षं इंजिनात हात घातलेला हा माणूस. कोपर स्टेशनजवळच्या सोसायटीच्या आवारात उभी असलेली स्वतःची गाडी त्याला दुरुस्त करता येत नाही, यावर कुणाचा विश्वास बसला असता? पण असला विचार करायला होतं कोण. बायको माया जाऊन पावणेदोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून घरात त्याला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. दूधवाला पिशवी कडीला लावून निघून जाई. टीव्ही दिवसभर बोलायचा, पण त्याला उत्तर देऊन काय उपयोग.

डिसेंबरात एकदा चोकची तार खरोखरच सुटली आणि गाडी सुरू होईना. नेमकी तेव्हा जगनची कंबर धरली होती. कार्बोरेटर कळणारा मेकॅनिक आता शोधून सापडत नाही, पण कुणीतरी कोलशेतच्या सूरजचा नंबर दिला. चाळिशीचा सूरज मोटरसायकलवरून आला, दहा मिनिटांत तार बसवली आणि मग तासभर चहा पीत जुन्या गाड्यांच्या गप्पा मारत बसला. त्या रात्री जगनला किती दिवसांनी गाढ झोप लागली.

पुढच्या शनिवारी कंबर बरी होती. जगनने बॉनेट उघडलं, एअर फिल्टर काढला, तार धरून ठेवणारा स्क्रू दोन आटे सैल केला, फिल्टर परत बसवला आणि फोन लावला. लाज वाटली नाही असं नाही. पण पलीकडून "येतो, काका" ऐकलं आणि लाज कुठल्या कुठे पळाली. असे सात रविवार गेले.

आठव्या रविवारी सूरज बॉनेट उघडून बघतच राहिला. फिल्टरच्या नटावर पिवळ्या रंगाचा ताजा ठिपका होता. डेपोत नियमच होता: नट आवळला की त्यावर ठिपका द्यायचा, म्हणजे काम पुरं झालं आणि जबाबदारी आपली. जगनने तो नियम इतकी वर्षं पाळला होता की या शनिवारी चोरी करतानाही हात नकळत ठिपका देऊन गेला.

"हा ठिपका मी नाही लावलेला, काका."

जगन चहाचे कप घेऊन उभा होता. तार कशी सैल होते याची चार कारणं त्याने तयार ठेवली होती, पण ठिपक्याचं एकही नव्हतं. त्याने मान खाली घातली. सूरज चिडला नाही. मुलगी आठवडाभर शाळा-क्लासमध्ये असते, एक रविवार काय तो घरी भेटते आणि तिला टाकून मी इथे येतो, एवढंच तो शांतपणे म्हणाला. चिडला असता तर बरं झालं असतं असं जगनला वाटलं.

"सूरज, नुसतं चहाला ये म्हणालो असतो, तर आला असतास?"

सूरजला थाप मारता आली असती. पण तो सरळ माणूस होता.

"नसतो आलो, काका. खरं सांगतो."

जगनला त्याचा राग आला नाही. वाईट मात्र फार वाटलं.

सूरजने स्क्रू ड्रायव्हर त्याच्या हातात दिला. जगनने स्वतःच स्क्रू आवळला, फिल्टर चढवला, आत बसून चोक ओढला आणि चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. सूरजने जरा वेळ कान देऊन ऐकलं. एक नंबर चाललीये, एक चक्कर मारून या म्हणजे बॅटरीही चार्ज होईल, असं सांगून त्याने उभ्याउभ्याच चहा संपवला आणि तो गेला.

जगनने चोक आत ढकलला आणि गाडी गेटपर्यंत आणली. वॉचमनने लगबगीने गेट उघडलं.

"आज कुठे, काका?"

जगनने डावीकडचा रस्ता बघितला, मग उजवीकडचा. बॉनेटखाली इंजिन जराही न अडखळता चालू होतं. वॉचमन गेट धरून उभा राहिला.

"कुठे नाही रे," जगन म्हणाला आणि त्याने रिव्हर्स टाकला.