ऐंशी किलोमीटरची गाडी

मौलालीनं पंचवीस वर्षं कोल्हापूर ते राधानगरी प्रवासी भरून नेणारी वडाप जीप चालवली, पण शेवटची चार वर्षं त्या जीपमध्ये त्याची बायको बसू शकली नाही. बेगम कबनूरची. लहानपणापासून यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरून तिच्या छातीत कापसाची धूळ बसली होती. आता डिझेलचा नुसता वास आला तरी खोकून खोकून ती अर्धी व्हायची. डॉक्टरांनी जीप, एसटी सगळं बंद करायला सांगितलं. तिकडं राधानगरीला तिची बहीण जुलेखा अंथरुणाला खिळलेली. एकीला येता येत नव्हतं, दुसरीला जाता येत नव्हतं.

२००५ च्या उन्हाळ्यात जुलेखाचा मुलगा खिजर सुट्टीला आला, तो कोल्हापुरात मावशीलाही भेटायला आला. बंगळूरला तो विजेच्या गाड्यांच्या वर्कशॉपात होता. मौलालीनं त्याला समोर बसवूनच घेतलं.

"धूर न सोडणारी गाडी असती म्हणं. खरं हाय?"

"हाय की, खालू. पण त्यात परकार हायत. एक निव्वळ बॅटरीची. तिला इंजिनच न्हाय, घरातल्या प्लगवर चार्ज करायची. दुसरी हायब्रीड. तिच्यात पेट्रोलचं इंजिनबी असतंय आन् विजेची मोटारबी. तिची बॅटरी चालता चालता भरती, ब्रेक दाबला तरी भरती. प्लग लावायचं कामच न्हाय."

"मग ती दुसरीच बरी की."

"पण ती पेट्रोल जाळती. धूर कमी, पर येतोच. आन् आपल्याकडं ती अजून विकायला आल्याली न्हाय. तिसरी एक हाय, प्लगवर भरायची, बॅटरी संपली की पेट्रोलवर पळवायची. तिच्यावर बाहेरदेशात अजून काम चाललंय."

"तुझ्या खालाला, बेगमला चालंल अशी कुठली?"

"पहिलीच. पण ऐंशी किलोमीटरला बॅटरी संपती. राधानगरी गाठाल, परत यायला मात्र तितं चार्ज करावी लागंल. आन् तितं लोडशेडिंग."

मौलालीनं जीप विकली. खिजरनं बंगळूरहून एक वापरलेली बॅटरीची गाडी ट्रकवर घालून पाठवली. खेळण्यातल्यासारखी दिसायची. गल्लीतली पोरं हसली, मौलालीही हसला.

सकाळीच दोघं निघाली. बेगमनं आधी नाकाला पदर लावला होता. भोगावतीच्या पुढं तिनं तो काढला आणि काच खाली करून उसाच्या रानावरचा वारा घेत बसली. गाडी आवाज करत नव्हती. त्यामुळं मौलालीला बायकोचा श्वास ऐकू येऊ लागला. आत काहीतरी फाटल्यासारखा, प्रत्येक खेपेला अडणारा. घरात भांड्याकुंड्यांच्या, शेजारपाजारच्या गलक्यात तो असा कधी ऐकूच आला नव्हता. त्यानं गाडीचा वेग कमी केला.

"का ओ, गप झालासा?" तिनं विचारलं.

"काय न्हाय. रस्ता बघतोय."

जुलेखाच्या खाटेवर दोघी बहिणी गळ्यात गळे घालून रडल्या, मग दिवसभर हसल्या. वीज येत होती, जात होती. बॅटरी काही भरेना. मौलाली सारखा बाहेर जाऊन बघायचा.

"ऱ्हाऊ दे की," बेगम म्हणाली. "वीज न्हाय म्हणून तरी ऱ्हायला मिळतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर ती बहिणीशेजारी आडवी झाली. वीज आली तसा मौलाली प्लग लावायला उठला. वायर नीट बसवून तो आत आला. जुलेखा बेगमचा हात धरून बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"आत्ता बोलत हुती," जुलेखा म्हणाली. "अम्माची गोष्ट सांगत हुती."

बेगमला राधानगरीतच माती दिली. तिसऱ्या दिवशी मौलाली एकटाच परतला. शेजारची सीट मोकळी होती आणि गाडीत कसलाच आवाज नव्हता. भोगावतीच्या अलीकडं त्याला रस्ता दिसेना. त्यानं गाडी कडेला घेतली आणि तो मोठ्यानं रडला.

पुढं दर शुक्रवारी तो कबरीवर जाई. जुलेखाच्या दारात गाडी चार्जिंगला लावी आणि तिच्या खाटेशी बसून राही. तीन वर्षांनी खिजर सांगत आला, हायब्रीड गाडी आपल्याकडं आली. महाग हाय, पण बॅटरीची काळजी न्हाय, जाऊन लगेच परत येता येतंय.

"लगेच परत येऊन घरात कोण हाय रं?" मौलाली म्हणाला, आणि जुलेखाला पाणी द्यायला उठला.