भंगारात गेलेला जॅझ

“खांदे पुढे. हनुवटी वर. श्वास घ्या… आता धरून ठेवा.”

काचेमागून तिनं एक्स-रेचं बटण दाबलं आणि शेजारी ठेवलेला मोबाइल थरथरला. वहिनीचा फोन. वहिनी भर दुपारी कधी फोन करत नसे. कुणाचं काही बरंवाईट तर नाही ना, या भीतीनं तिनं घाईघाईनं उचलला.

“वन्सं, घर बदलायचंय ना, म्हणून माळा रिकामा केला. तुमचा एक खोका निघाला. काळ्या तबकड्या होत्या त्यात. कव्हरांवर सगळे भोंगे फुंकणारे लोक.”

“माझ्या रेकॉर्डी?” ती किंचाळलीच. “दादा तर म्हणाला होता, वाळवीनं खाल्ल्या!”

“वाळवी कशाला तबकड्या खातेय! मी यांना विचारलं, तर म्हणाले, दे टाकून. आत्ताच भंगारवाला घेऊन गेला. म्हटलं, आपलं कानावर घालावं.”

“आत्ताच? कुठला भंगारवाला? कुठल्या बाजूला गेला?”

“मॅडम,” काचेपलीकडून घुसमटलेला आवाज आला, “सोडू का?”

पेशंट छाती फुगवून, लालबुंद होऊन उभा होता.

“सोडा, सोडा! अहो, सोडा हो!”

एवढ्या वर्षांच्या नोकरीत तिनं असं कधी केलं नव्हतं. शिशाचा एप्रन खुंटीवर टाकला, सहकारी मुलीला म्हणाली, “बाकीचे तू घे, माझं घरी अर्जंट आहे,” आणि तिचं उत्तर ऐकायला ती थांबलीसुद्धा नाही.

बसमध्ये तिचे पाय नुसते थडथड उडत होते.

एक्स-रेचं शिक्षण घेत असताना वसतिगृहात तिच्या खोलीत आफ्रिकेतून आलेली एक मुलगी होती. उंच, मोठ्यानं हसणारी. पहिल्याच दिवशी तिनं बॅग उघडली, तर कपडे थोडे आणि रेकॉर्डीच जास्त. “हा आमचा जॅझ,” ती म्हणाली होती. वॉर्डनबाई बाजाराला गेल्या की त्यांच्या खोलीतला प्लेअर या दोघी लंपास करायच्या. आधी गिटार गुणगुणायला लागे, मग ढोल, आणि मग सगळे ट्रंपेट एकदम असे उसळत, की आपल्याला इतकं हसू कशाचं येतंय हेच कळू नये. गाण्यातले शब्द कुठल्या भाषेतले, ते हिनं कधी विचारलं नाही. ती नाचली मात्र. घरात मान वर करून न बोलणारी मुलगी तिथं घाम येईस्तोवर नाचली.

परत जाताना मैत्रिणीची बॅग जड झाली. “तू ठेव,” म्हणून तिनं रेकॉर्डी हिच्या हातात दिल्या. घरी आल्यावर वडील म्हणाले, “हा धांगडधिंगा माझ्या घरात नको.” खोका माळ्यावर गेला. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, मुलीचं लग्न झालं. मैत्रिणीची पत्रं थोडे दिवस आली, मग थांबली. रेकॉर्डी तर वाळवीनंच खाल्ल्या होत्या. संपला विषय.

वहिनीनं सांगितलेल्या भंगाराच्या वखारीत ती जवळजवळ पळतच शिरली. भंगारवाला तराजूपाशी पितळेचे नळ वेगळे करत होता.

“खोका! आत्ता आणलेला खोका! रेकॉर्डींचा!”

“ताई, दम घ्या आधी. आगबिग लागली का कुठं?”

खोका जुन्या पंख्यांच्या ढिगाखाली होता. ती तिथंच जमिनीवर बसली. एकेक कव्हर ती बाहेर काढत गेली. निळ्या कोटातला ट्रंपेटवाला! डोळे मिटून गाणारी ती जाडजूड बाई! गच्चीवर उभा राहिलेला अख्खा बँड! “हा बघा, हा!” ती भंगारवाल्याला दाखवत सुटली, जणू माहेरचा गोतावळाच भेटला होता. एक रेकॉर्ड मात्र कव्हरातून दोन तुकडे होऊन निघाली. तिनं तुकडे जोडून धरले आणि मग ते परत कव्हरात सरकवले.

“वाजवणार कशावर?” भंगारवाल्यानं विचारलं.

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तो आत जाऊन सुटकेससारखा एक प्लेअर घेऊन आला. “चालत नाही. पण हाच आहे.”

नवरा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. दुकान बंद केल्यापासून घरातल्या टेबलावरच त्याचे पेचकस आणि पकडी पडलेल्या असत. मुळात मितभाषी. त्यात आयुष्यभर मशीनची खडखड ऐकल्यामुळे घरात त्याला शांतता लागे; बातम्या संपल्या की टीव्ही बंद. बायको भरदुपारी, धुळीनं माखून, एका हातात खोका आणि दुसऱ्या हातात सुटकेस घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा तो उठलाच.

“अगं, कुठं निघालीस?”

“निघाले नाही, आले! हे दुरुस्त करा. आत्ता.”

“चहा तरी…”

“चहाबिहा नंतर!”

त्यानं झाकण उघडलं. आतला रबरी पट्टा वितळून त्याचं डांबर झालं होतं. ते खरवडत असताना ती त्याच्या खांद्यावरून वाकून वाकून बघत होती. “झालं? फिरतंय? पिन बरी आहे ना?”

“तू आधी उजेडातून बाजूला हो.”

सायकलच्या जुन्या ट्यूबमधून त्यानं पातळ पट्टी कापली, चिकटवली, ताणून बसवली. चकती फिरू लागली. तिनं ओल्या फडक्यानं निळ्या कोटवाल्याची रेकॉर्ड पुसली आणि पिन ठेवताना एकदम थबकली. इतक्या वर्षांनी ऐकून काहीच वाटलं नाही तर? नुसता गोंगाट वाटला तर?

“ठेव की,” तो म्हणाला.

चरचर झाली. मग गिटार. मग ढोल. पट्ट्याच्या जोडामुळे मधूनच एक उचकी लागत होती. आणि ट्रंपेट उसळले!

तिच्या तोंडून हसू असं फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. गाणं कुठं वळणार, कुठं क्षणभर थांबून फसवणार, सगळं तिला पाठ होतं. न कळणारे शब्दसुद्धा ओठांवर आपोआप आले. गुडघे कुरकुरले, तिनं त्यांना जुमानलं नाही. टेबल आणि पलंग यांच्यामधल्या अरुंद जागेत ती नाचायला लागली.

नवरा हातात पेचकस धरून बघत राहिला.

“तुला नाचता येतं?” गाणं संपल्यावर त्यानं विचारलं.

“येतं म्हणजे! वसतिगृहात आम्ही दोघींनी जमीन हादरवली होती.”

“कधी बोलली नाहीस.”

“रेकॉर्डीच नव्हत्या, तर काय बोलणार?”

ती पाणी प्यायली. तो प्लेअरपाशी गेला, तिच्यासारखीच दोन्ही तळहातांत कडेनं धरून त्यानं रेकॉर्ड उचलली आणि निरखून पाहिली.

“हिला दुसरी बाजू आहे का?”

“आहे! लावा, लावा!”

त्यानं उलटून लावली आणि टेबल भिंतीशी ढकललं. पेचकस गडगडत खाली पडला. या बाजूचं गाणं संथ होतं. सॅक्सोफोन कुणीतरी मनातलं सांगत असल्यासारखा बोलत होता. ती डोळे मिटून डुलत राहिली. एका वळणावर तिचा उजवा हात आपसूक वर गेला आणि हवेतच थांबला.

“काय झालं?”

“काही नाही. इथं ती मला गरकन फिरवायची.”

तो जरा घुटमळला. काळे झालेले हात त्यानं लेंग्याला पुसले, पुढे आला आणि बसचा दांडा धरावा तसा हात वर केला. त्याचा खांदा कधीचा आखडलेला. हात कानाच्या वर जाईना. तिनं तो हात धरला, थोडी वाकली आणि त्याखालून फिरली.